पार्श्वभूमी : शय्यादानापासून वॉकरपर्यंत

सासूबाई गेल्या, त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांचा वॉकर दोन गल्ल्या पलीकडच्या एका आजोबांकडे गेला. पायांच्या रबरी टोप्या झिजल्या होत्या, तेवढ्या बदलून घेतल्या. मुठीवर सासूबाईंनी स्वतः जुन्या साडीची चिंधी घट्ट गुंडाळली होती, घामाने हात सटकू नये म्हणून. ती सोडवायला गेले तर आजोबा म्हणाले, "राहू दे गं पोरी, पकड चांगली येते." त्याआधी तेराव्याला गुरुजींच्या यादीप्रमाणे नवी छत्री, नव्या चपला, नवा तांब्या असं सगळं दुकानातून आणून दान दिलंच होतं. एकाच घरातून एकाच माणसाच्या नावाने दोन प्रकारची दानं गेली. दुसरं मला जास्त जवळचं वाटतं, पण ते समजून घ्यायचं तर सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागते.

गुरुजींची यादी गरुडपुराणातल्या पददानातून येते. छत्री, पादत्राणं, वस्त्र, अंगठी, कमंडलू, आसन आणि भांडं अशा त्या सात वस्तू. यममार्गावर ऊन आहे, काटे आहेत, तहान आहे, म्हणून गेलेल्याला वाटेत हे लागेल, ही त्यामागची माया. दशदानात गाय, जमीन, तीळ, सोनं, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, चांदी आणि मीठ येतं. म्हणजे वस्तू ज्याच्या हातावर ठेवायची त्याची गरज हा इथे प्रश्नच नव्हता. ती पोचायची होती पलीकडे, घेणारा फक्त मधला दुवा. शय्यादानात, म्हणजे मृताच्या नावाने अंथरूण-पांघरूण देण्यात, मात्र वेगळा धागा सापडतो. मृताच्या अंगावरची वस्त्रं, त्याची भांडी, त्याचं वाहन, त्याला जे आवडायचं ते शय्येसोबत द्यावं, असं तिथे सांगितलं आहे. वापरातल्या वस्तू देण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही, ती याच परंपरेत आहे. पण मृत्यूची वस्तू घेणाऱ्याला कमी लेखायची रीतही सोबत आली. कोकणात अंत्यविधी करणाऱ्या किरवंतांना इतर ब्राह्मणांनीच दूर ठेवलं.

खालच्या मानलेल्या जातींच्या वाट्याला आलं ते याहून फार क्रूर होतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला 52वा श्लोक चांडाळांनी मृतांची वस्त्रं नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावं असं सांगतो. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महारांचा 'हक्क' म्हणून मोजला जाई. गेलेल्याचे कपडे देणं हा इथे दयेचा भाग नव्हताच, ती घेणाऱ्याची पायरी ठरवण्याची खूण होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा असल्या श्लोकांचा हिशोब झाला. "सासऱ्यांचे शर्ट कामवाल्या मावशींना देऊन टाकू" असं आपण सहज म्हणतो, तेव्हा हा इतिहास समोरच्याच्या घरात जिवंत असू शकतो. म्हणून आधी विचारावं, धुऊन, इस्त्री करून द्यावं, आणि "नको" म्हटलं तर मनाला लावून घेऊ नये.

विधीची वाट बदलण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांपासून चालू आहेत. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुरोहिताशिवाय धार्मिक विधी करता येतात हे दाखवलं. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेतल्या 22 प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्याच वर्षी 20 डिसेंबरला गाडगेबाबा गेले. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, अशी त्यांची दशसूत्री सुरू होते. अंगावर स्वतः ठिगळांची गोधडी पांघरणाऱ्या माणसाने हे सांगितलं, म्हणून ते गावागावांत पोचलं. दान कुणाच्या नावाने, यापेक्षा ते कुणाच्या अंगावर जातं हे त्यांनी आधी पाहिलं.

घरातल्या बायकांनी तर कुणी शिकवायची वाट पाहिलीच नाही. आजीची नऊवारी मऊ झाली की तिची बाळासाठी दुपटी व्हायची, उरलेल्याची गोधडी. कित्येक घरांतले कपडे बोहारणीकडे जात, बदल्यात स्टीलचं पातेलं येई आणि कपडे बाजारात नवा धनी शोधत.

शहरांत संघटित काम सुरू झालं ते बरंच नंतर. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत 'गूंज' सुरू केली, घरच्या कपाटातल्या 67 कपड्यांपासून. त्याआधी पत्रकारिता करताना ते बेवारस प्रेतं उचलणाऱ्या एका माणसासोबत फिरले होते. थंडीत त्याचं काम वाढतं, हे त्यांना तिथे कळलं. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या, तिथल्या लोकांना न चालणाऱ्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. देणाऱ्यांनी नुसतं कपाट रिकामं केलं की असं होतं. गूंजने कापड गावकऱ्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून द्यायला सुरुवात केली. विहीर खणली, बांबूचा पूल बांधला, रस्ता दुरुस्त केला, त्याबद्दल कपडे. मनूच्या त्या श्लोकाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. 2015 मध्ये गुप्ता यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आजाराच्या वस्तूंचं तर दान अगदी शरीराच्या आतपर्यंत पोचलं आहे. पेसमेकरची बॅटरी चितेच्या आगीत फुटते, त्यामुळे दहनाआधी तो काढावाच लागतो. अमेरिकेत असे काढलेले पेसमेकर तिथल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांनी दिले, आणि ते तपासून, निर्जंतुक करून मुंबईत 53 गरजू रुग्णांना बसवले गेले. आपल्याकडे त्यामानाने सोपी सोय आहे. अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालतात. खाट, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची अनामत घेऊन नेता येते, काम झालं की परत करायची. यातल्या बऱ्याच वस्तू कुणा ना कुणाच्या पश्चात आलेल्या असतात.

सासूबाईंचं कानामागचं श्रवणयंत्र अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. यंत्र दुसऱ्याच्या ऐकण्याप्रमाणे नव्याने लावून घेता येतं, फक्त कानात बसणारा साचा ज्याचा त्याला नवा करावा लागतो. केंद्रातल्या काकांनी सोमवारी आणायला सांगितलं आहे.