तुरुंगावरचे सिनेमे बेळगावात दाखवायचे तर

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की कॅम्पच्या पुढे हिंडलगा येतं. इथे १९२३ साली उभं राहिलेलं मध्यवर्ती कारागृह आहे आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारकही. स्मारकापाशी दरवर्षी १ जूनला माणसं जमतात, भाषणं होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. तुरुंगाच्या दाराशीही मुलाकातीसाठी माणसं थांबलेली असतात. त्यांचा फोटो कुठे येत नाही.

तुरुंग आणि कैद्यांचे हक्क या विषयावर लोकवर्गणीतून चित्रपट महोत्सव भरवायचा, ही कल्पना सीमाभागात मांडली तर पहिला प्रश्न येईल, ‘सिनेमासाठी दुसरा विषय मिळाला नाही का?’ वास्तविक या भागाइतकं तुरुंगाशी जुनं नातं फार थोड्या भागांचं असेल. अडचण एवढीच, की ते नातं आपण फक्त सत्याग्रह्यांपुरतं लक्षात ठेवलं.

हिंडलग्याचा तुरुंग सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यानंतरच्या चळवळींत कितीतरी जण या तुरुंगात येऊन गेले. काकासाहेब कालेलकरांच्या एका मराठी पुस्तकाचं नावच ‘हिंडलग्याचा प्रसाद’. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये, पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली दिल्लीला येणार म्हणून सावरकरांना प्रतिबंधक कायद्याखाली उचललं, तेही बेळगावच्याच तुरुंगात आणलं. मग १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमालढ्याचे सत्याग्रह सुरू झाले. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये अटका भोगल्या. १९८६ मध्ये छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले आणि पकडले गेले, हा किस्सा तर अजून रंगवून सांगितला जातो. जेल भोगलेला माणूस इथे व्यासपीठावर बसतो, आणि बसावाही. पण मोटारसायकल चोरीच्या संशयावरून आत गेलेला आणि जामीनदार मिळत नाही म्हणून वर्षभर आतच राहिलेला पोरगा ‘भोगलेला’ ठरत नाही. तो कच्चा कैदी. त्याच्या घरचेसुद्धा ‘तो बाहेरगावी कामाला आहे’ म्हणून सांगतात.

गंमत अशी, की या कच्च्या कैद्याला आज कायद्यात जे काही हक्क आहेत त्यांची सुरुवात शोधायला गेलं तर वाट एका राजकीय कैद्याच्या मराठी हस्तलिखितापाशी जाते. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. विषय मूलकणांचा, म्हणजे राजकारणाचा त्यात वाससुद्धा नाही. ते हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायची परवानगी सरकारने नाकारली. उच्च न्यायालयाने ती दिली, तर सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं! नियमांनी दिलेल्या तेवढ्याच सवलती कैद्याला मिळतात आणि पुस्तक लिहिण्याची सवलत नियमांत नाही, असा सरकारचा दावा होता. सप्टेंबर १९६५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. स्थानबद्धाचं जेवढं स्वातंत्र्य कायद्याने काढून घेतलंय तेवढंच गेलं, बाकीचं त्याच्यापाशी राहतं, असा त्या निकालाचा रोख आहे. आज तो साधा वाटतो. पण त्यावेळी कैदी म्हणजे सरकारच्या मेहेरबानीवर जगणारा, ही समजूत सरकारी वकिलांपासून गावच्या पाटलापर्यंत सगळ्यांची होती. अणुविज्ञानाचं मराठी पुस्तक सरकारला इतकं का खुपावं, हा प्रश्न एका चांगल्या विनोदी माहितीपटाचा विषय आहे, असं माझं मत.

त्यानंतरची मोठी घटना आणीबाणी. बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात वाजपेयी, अडवाणी, मधू दंडवते होते. त्याच तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या, ‘संस्कार’ या १९७० च्या गाजलेल्या कन्नड चित्रपटातल्या अभिनेत्री. त्यांना दम्याचा विकार होता. आठेक महिने आत काढून जानेवारी १९७७ मध्ये त्या पॅरोलवर बाहेर आल्या आणि काही दिवसांतच गेल्या. त्यांनी तुरुंगात ठेवलेली डायरी पुढे छापली गेली. सिनेमा आणि तुरुंग यांचा कर्नाटकातला दुवा शोधायचा तर तो इथून जातो. त्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर आता फ्रीडम पार्क आहे.

आणीबाणीत पुढारी, प्राध्यापक, संपादक आत जाऊन आले आणि तुरुंगाबद्दल बोलू लागले, म्हणून न्यायालयांचे कानही थोडे उघडले असावेत. १९७८ मध्ये सुनील बत्रा या कैद्याच्या खटल्यातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की फाशीची शिक्षा झाली म्हणून कैद्याला सरसकट एकांतकोठडीत डांबता येणार नाही. त्याच बत्राने पुढे दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल तिहारमधून पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून धरलं. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले कच्चे कैदी पुढे आले. खटला चालून शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ काही जण नुसते वाट बघत आत होते. मुंबईत पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये कोठडीतल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेचे निर्देश आले. आणि १९९६ चा राममूर्ती निकाल तर बंगळुरूच्या तुरुंगातल्या कैद्याच्या पत्रातूनच निघाला. गर्दी, खटल्यांची दिरंगाई, मारहाण, आरोग्य, जेवण अशा नऊ दुखण्यांची यादी न्यायालयाने त्यात केली. ती आज वाचली तरी तारीख बदलायची तेवढी गरज वाटते.

हिंडलग्याचा उल्लेख या कायद्याच्या इतिहासात येतो तो २०२२ मध्ये. कर्नाटकात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना इथे आणतात. बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात २००६ साली फाशीची शिक्षा झालेल्या बी. ए. उमेश याला इथे कित्येक वर्षं एकट्याला ठेवलं होतं. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळला. त्याच्या आधीची एकांतकोठडीची सगळी वर्षं कायद्याला धरून नव्हती, कारण बत्रा निकाल होऊन तेव्हा पाव शतक उलटून गेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून किमान तीस वर्षं सूट न देता जन्मठेप दिली. गुन्हा भयंकर होता, त्याबद्दल कुणी वाद घालत नाही. असल्या माणसाचे हक्क कशाला, हा प्रश्न महोत्सवात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार आणि तो टाळून चालणार नाही. माझ्या मते चर्चा त्याच्यापासूनच सुरू करावी. सत्याग्रह्याच्या हक्कांना टाळ्या मिळवणं सोपं आहे.

सिनेमाचा धागाही लांबचा नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर ही औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली खुली वसाहत. तिच्यामागची कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हे पोलिश इंजिनिअर, नोकरीनिमित्त बंगळुरात आलेले, तिथून औंधला ओढले गेले. खुनाच्या शिक्षेतले कैदी इथे बिनभिंतीचे, बिनबेड्यांचे शेती करू लागले. याच प्रयोगावरून आटपाडीच्या मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनला त्याचं कौतुक झालं. पण त्यातलं गाणं शाळेत प्रार्थना म्हणून म्हणणाऱ्या पिढ्यांना हे ठाऊक नसतं, की ती गोष्ट खरी होती आणि ती जागा निपाणीहून काही तासांवर आहे. पुढे हिंदी पडद्यावरचा तुरुंग पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, दळण आणि सुरुंग एवढाच उरला. आनंद पटवर्धनांचा राजकीय कैद्यांवरचा माहितीपट १९७८ चा. मराठीत २०१४ चा ‘कोर्ट’ आला. त्यात लोकशाहीराला पुन्हा पुन्हा आत घालणारी यंत्रणा दिसते, कुणी खलनायक नसताना. महोत्सवाच्या यादीत हा चित्रपट हवाच, कारण तारखेवर तारीख पडताना काय होतं हे त्याच्याइतकं निवांतपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही.

छोट्या गावात पडदा लावून असे चित्रपट दाखवायची रीत गेल्या वीस वर्षांतली. २००४ मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवातल्या सेन्सॉरशिपला विरोध करत निर्मात्यांनी ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव उभा केला. २००६ पासून गोरखपूरला ‘प्रतिरोध का सिनेमा’ सुरू झाला. तिथे प्रायोजक नाही, प्रेक्षकांच्या वर्गणीवर सगळं. आपल्याकडे हे नवीन वाटायचं कारण नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी इथली ग्रामीण साहित्य संमेलनं वर्षानुवर्षं गावाच्याच जिवावर चालतात. ग्रंथदिंडी, मांडव, पाहुण्यांचं जेवण, सगळं गाव सांभाळतं. पुस्तकांच्या जागी पडदा आला, एवढाच फरक. हां, एक फरक आहे. पुस्तकाला सेन्सॉरचा दाखला लागत नाही. दाखला नसलेले माहितीपट दाखवायचे तर महोत्सवाला केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याची सूट आधी काढावी लागते. ते काम हॉल ठरवायच्या अगोदरचं.

सीमाभागात आणखी एक गाठ आहे. तुरुंग हा राज्यांचा विषय. शिनोळीच्या पलीकडच्या चंदगडातला कैदी महाराष्ट्राच्या नियमांखाली, अलीकडचा कर्नाटकच्या. एकाच शिवारातल्या दोन भावकीतल्या माणसांच्या रजेचे आणि भेटीचे नियम वेगळे. आरोपीला समजत नसलेल्या भाषेतला पुरावा त्याला समजेल अशा भाषेत सांगायचा, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं २७९ कलम सांगायचं. नव्या संहितेतही ती तरतूद आहे. भाषेसाठी साठ-सत्तर वर्षं भांडणाऱ्या मुलखात या कलमावर एकही परिसंवाद झालेला माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि हे फक्त मराठी माणसापुरतं बघूनही भागणार नाही. हिंडलग्यात बहुतेक कैदी कन्नड बोलणारे असणार. त्यांच्या घरच्यांना महोत्सवात बसता यायला हवं असेल तर उपशीर्षकं दोन्ही भाषांत हवीत. कुणाला ते रुचणार नाही, पण तुरुंगाच्या दाराशी भाषेचा वाद फारसा चालत नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत शंभराच्या जागेत १३१ माणसं होती, आणि दर चारातले तीन कच्चे कैदी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या ४७९ कलमाप्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यांना ते लागू नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जात बघून तुरुंगात कामं वाटणारे नियम रद्द केले. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे काही राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये तोवर लिहिलेलं होतं.

कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. कायदा १९८७ चा आहे. मुलाकातीच्या रांगेतल्या अनेकांना तो माहीत नसतो. दोन चित्रपटांच्या मधल्या वेळात प्राधिकरणाच्या वकिलाला दहा मिनिटं द्यावीत, आणि त्या रांगेतल्यांना आधी जाऊन बोलावून आणावं. पत्रिका छापून ते येणार नाहीत.