गोंगाटातली कुजबुज

निकेलची तार तापवत तिचा विद्युतरोध मोजत गेलात, तर सुमारे ३५५ अंश सेल्सिअसला आलेख ठळकपणे वाकलेला दिसतो. हे निकेलचं क्युरी तापमान. याच्या खाली अणूंची चुंबकीय टोकं एका दिशेला वळलेली असतात, वर ती शिस्त मोडते. तापमान वाढत जातं तशी टोकं विस्कटतात, इलेक्ट्रॉन त्यांना अडखळतात आणि रोध झपाट्याने चढतो. क्युरी बिंदू ओलांडला की आणखी विस्कटायला फारसं काही उरत नाही, मग चढही मंदावतो.

आता अणूंची रांगच नसलेला धातू घ्या. १९६० साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात पोल डुवेझ आणि सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनचा रस इतक्या झटकन गोठवला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. थंड होण्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा लाख अंश! पुढे लोह, बोरॉन आणि सिलिकॉनच्या अशाच फिती निघाल्या, जाडी जेमतेम २५ मायक्रॉन. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आज त्या वापरतात.

अशी १० सेंटिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद फीत घेतली तर तिचा रोध ५ ओहमच्या आसपास भरतो. तेवढ्याच मापाच्या शुद्ध लोखंडाचा अर्धा ओहमही नाही. इलेक्ट्रॉन इथे एका अणूपासून शेजारच्यापर्यंत जातो न जातो तोच धडकतो. एवढ्या धक्काबुक्कीत चुंबकीय टोकं विस्कटल्याचा जादा धक्का कुणाला कळणार? ३९५ अंशांच्या आसपास फितीचं चुंबकत्व जातं, पण रोधाच्या आलेखात नुसत्या डोळ्यांना जेमतेम पुसटसा बाक दिसतो.

म्हणून रोधापेक्षा, तापमानाबरोबर तो बदलण्याचा वेग पाहायचा. फिशर आणि लँगर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं, की क्युरी बिंदूजवळ हा वेग विशिष्ट उष्णतेसारखाच, म्हणजे धातू एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेसारखाच, वागतो. कारण इलेक्ट्रॉनला कळतं ते फक्त जवळच्या शेजाऱ्यांचं. आणि इथे तर त्याची धाव शेजाऱ्यापलीकडे नाहीच!

मोजणी मात्र नाजूक. चार टोकांची जोडणी हवी: बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजायचं, म्हणजे जोडांचा रोध मध्ये येत नाही. प्रवाह उलटसुलट करायचा, म्हणजे तापमानातल्या फरकाने उपजणारं व्होल्टेज वजा होतं. आणि घाई नको, तशीच हावही नको. ५०० अंशांच्या पुढे फितीतले अणू रांगा लावू लागतात, रोध धाडकन कोसळतो आणि ज्या नमुन्यावर मोजत होतो, तोच उरत नाही.