नॅन्सी हँक्स लिंकन आणि लिटल पिजन क्रीकची वसाहत

नॅन्सी हँक्स लिंकन (५ फेब्रुवारी १७८४ – ५ ऑक्टोबर १८१८). अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची आई. इंडियाना राज्याच्या दक्षिणेस, ओहायो नदीपासून पंधरा-सोळा मैल आत, लिटल पिजन क्रीक या ओढ्याच्या परिसरात जंगल तोडून वसलेल्या वस्तीत तिचे वयाच्या ३४ व्या वर्षी निधन झाले. त्या वेळी मुलगी सारा अकरा वर्षांची होती आणि मुलगा नऊ वर्षांचा. मृत्यूचे कारण ‘मिल्क सिकनेस’, म्हणजे विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईच्या दुधातून झालेली विषबाधा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्याविषयी जे लिहिले गेले त्यातले बरेचसे मुलाच्या थोरवीमुळे मागाहून रचले गेले आहे. देवीसमान माता आणि अडाणी, दुर्दैवी बाई अशी दोन्ही टोके त्यात सापडतात. वसाहतीतल्या एका कष्टकरी बाईच्या आयुष्याचा नमुना म्हणून मात्र तिच्याकडे फार कमी वेळा पाहिले गेले. ही नोंद मुख्यतः त्या अंगाने केली आहे.

पूर्वायुष्य

नॅन्सीचा जन्म तत्कालीन व्हर्जिनियात झाला. तो भाग आज वेस्ट व्हर्जिनियात मोडतो. आई ल्यूसी हँक्स तिला लहानपणीच केंटकीत घेऊन आली. ल्यूसीने तेथे हेन्री स्पॅरो याच्याशी लग्न केले, आणि नॅन्सी मोठी झाली ती मावशी एलिझाबेथ व तिचा नवरा थॉमस स्पॅरो यांच्या घरी. मूल नसलेल्या या जोडप्याला ती आई-वडीलच मानत असे, असे दिसते. शिवणकामात तिचा हात चांगला होता. १२ जून १८०६ रोजी केंटकीतील वॉशिंग्टन काउंटीत जेसी हेड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने तिचे लग्न थॉमस लिंकन या सुताराशी लावले.

थॉमसच्या घराण्याने वसाहतीची किंमत आधीच मोजली होती. १७८६ मध्ये मूलनिवासींच्या हल्ल्यात त्याचे वडील (त्यांचेही नाव अब्राहम) शेतात मारले गेले, आणि ते त्याने लहानपणी डोळ्यांदेखत पाहिले होते. या हकिगतीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. लिंकन कुटुंब पुढे ज्या जमिनीवर गेले, ती १८०४ च्या व्हिन्सेन्स करारान्वये डेलावेअर आणि पियांकशॉ या मूलनिवासी लोकांकडून अमेरिकन सरकारने घेतलेल्या प्रदेशातली होती. ‘निर्जन अरण्य’ म्हणून जिचे वर्णन होते ती भूमी नुकतीच रिकामी करवलेली होती.

सारा १८०७ मध्ये एलिझाबेथटाउन येथे जन्मली, अब्राहम १२ फेब्रुवारी १८०९ रोजी हॉजनव्हिलजवळच्या सिंकिंग स्प्रिंग शेतावर. तिसरे मूल, मुलगा थॉमस, तान्हेपणीच दगावले. १८११ मध्ये कुटुंब केंटकीतल्याच नॉब क्रीकला आले. तेथे जमीन सुपीक होती, पण कागदपत्रांचा घोळ मोठा होता. केंटकीत जमिनीच्या हद्दी झाड, ओढा, खडक अशा खुणांवरून ठरवलेल्या असत. एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे निघत आणि कसणारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राही. थॉमसवरही जमीन खाली करण्याचा दावा झाला. शिवाय पती-पत्नी ज्या बाप्टिस्ट मंडळीत जात, ती केंटकीत चालणाऱ्या गुलामगिरीच्या विरोधात होती. अब्राहम लिंकन यांनी १८६० मध्ये आपल्या त्रोटक आत्मवृत्तात स्थलांतराची ही दोन्ही कारणे दिली आहेत, पण भर जमिनीच्या वादावर दिला आहे.

ओढ्याकाठची वस्ती

डिसेंबर १८१६ मध्ये लिंकन कुटुंब ओहायो ओलांडून इंडियानात आले. त्याच महिन्याच्या ११ तारखेला इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला होता. या भागात जमिनीची सरकारी मोजणी चौकोनी तुकड्यांत झालेली असल्याने हद्दीचा वाद उरला नव्हता. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी थॉमसने व्हिन्सेन्सच्या सरकारी जमीन कचेरीत १६० एकरांची नोंद केली. दर एकरी २ डॉलर. चौथा हिस्सा म्हणजे ८० डॉलर भरून बाकी हप्त्यांनी फेडायची असा नियम होता. पुढे सगळी फेड जमेना, तेव्हा त्याने निम्मी जमीन सोडून ८० एकर राखले.

भर थंडीत येऊन पडलेल्या कुटुंबाचा पहिला निवारा तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने सताड उघडी अशी ओंडक्यांची छपरी होती, असे परंपरा सांगते. उघड्या बाजूला रात्रंदिवस शेकोटी पेटती ठेवायची. त्यानंतर एका खोलीचे ओंडक्यांचे घर उभे राहिले. आठव्या वर्षात चाललेल्या अब्राहमच्या हाती कुऱ्हाड आली आणि पुढे वर्षानुवर्षे ती सुटली नाही, हे त्यांनीच नोंदवले आहे. भोवती दाट रान होते आणि त्यात अस्वले होती.

अशा वस्तीत पुरुषाच्या कुऱ्हाडीची गोष्ट नेहमी सांगितली जाते. घर चाले ते मात्र बाईच्या अखंड राबण्यावर. चुलीसाठी वेगळी जागा नव्हती. भिंतीतल्या एकाच अग्निकुंडावर स्वयंपाक होई, त्याच्याच उजेडात शिवण होई, रात्री त्याच्याच उबेला सगळे झोपत. मका कुटून त्याच्या भाकऱ्या, शिकारीचे मांस खारवून-धुरावून ठेवणे, सूत कातणे, कापड विणणे, चरबी आणि राखेच्या क्षारापासून साबण करणे, पाणी आणणे ही सगळी बाईची कामे, आणि धारही तीच काढी. गाई कुंपणात नसत. गळ्यात घंटा बांधून त्यांना रानात मोकळे सोडत. मिळेल ते खाऊन त्या संध्याकाळी परतत. कमी खर्चात घरात दूध, लोणी येई ते यामुळे, आणि घात झाला तोही यामुळेच.

१८१७ च्या शरद ऋतूत स्पॅरो मावशी आणि काका केंटकीहून आले. सोबत अठरा-एकोणीस वर्षांचा डेनिस हँक्स होता. नॅन्सीच्याच नावाच्या दुसऱ्या एका मावशीचा हा मुलगा. (हँक्स घराण्यात तीच तीच नावे फिरून येतात. वंशावळ जुळवणाऱ्यांची यात पुरती दमछाक झाली आहे.) लिंकन कुटुंबाने सोडलेल्या छपरीत ही मंडळी राहिली. नॅन्सीला जवळचे माणूस शेजारी मिळाले ते जेमतेम वर्षभर.

शेवटचे आजारपण

सप्टेंबर १८१८ मध्ये वस्तीत आजार आला. थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो दोघेही गेले. शेजारच्या ब्रूनर कुटुंबातली बाईही गेली. नॅन्सी या आजाऱ्यांची उठबस करत होती. मग तिनेही अंथरूण धरले. जवळचा डॉक्टर तीसेक मैलांपलीकडे होता, आणि आला असता तरी त्याच्याकडे यावर उपाय नव्हता.

पुढची हकिगत मुख्यतः डेनिस हँक्सच्या तोंडची आहे. लिंकन यांच्या हत्येनंतर त्यांचे वकिली भागीदार विल्यम हर्नडन यांनी जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्यांत ती आली. डेनिस गोष्ट रंगवून सांगणारा माणूस होता, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. नॅन्सी सातव्या दिवशी गेली, असे तो सांगतो. जगत नाही हे कळल्यावर तिने मुलांना जवळ बोलावले, बापाशी आणि एकमेकांशी नीट वागा म्हणून सांगितले. घराला खोली एकच, त्यामुळे आजारपण आणि मृत्यू दोन्ही मुलांच्या डोळ्यांसमोर घडले. थॉमसने फळ्या कापून शवपेटी केली. खिळे महाग आणि दुर्मीळ असल्याने फळ्या लाकडी खुंट्यांनी सांधल्या, आणि त्या खुंट्या अब्राहमने चाकूने तासल्या, असे सांगतात. वस्तीत गेलेल्या इतरांच्याही पेट्या थॉमसनेच केल्या होत्या. घराच्या दक्षिणेला पाव मैलावरच्या टेकाडावर, स्पॅरो दांपत्याशेजारी तिला पुरले. त्या वेळी धर्मोपदेशक हजर नव्हता. मुलाने पत्र लिहून केंटकीहून उपदेशकाला बोलावले आणि काही महिन्यांनी प्रार्थना झाली ही कथा लोकप्रिय आहे, पण तिला आख्यायिकेपेक्षा जास्त वजन देता येत नाही.

मिल्क सिकनेस

ॲपलाचियन पर्वतापलीकडे ओहायो, इंडियाना, इलिनॉय, केंटकी या भागांत वसाहत पसरली तसा हा आजार पुढे आला. आधी अंगातले त्राण जाते, अन्नावरची वासना उडते. मग ओकाऱ्या, पोटात कळा, कडक बद्धकोष्ठ आणि न भागणारी तहान. श्वासाला ॲसिटोनचा उग्र गोडसर दर्प येतो. शेवटी रोगी गुंगीत जातो. जनावरांचे पाय लटपटतात आणि ती थरथरतात, म्हणून गुरांच्या आजाराला ‘ट्रेम्बल्स’ म्हणत. एकेक वस्ती या धास्तीने उठून गेली आहे.

कारण आहे व्हाइट स्नेकरूट ही वनस्पती. तीन-चार फूट उंच, समोरासमोर दातेरी पाने, उन्हाळा सरता सरता येणारे पांढऱ्या फुलांचे झुबके, आणि वाढ रानाच्या कडेला सावलीत. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती पूर्वी युपॅटोरियम प्रजातीत गणली जाई. कोकणात आणि सह्याद्रीत माजलेली रानमोडीही एकेकाळी त्याच प्रजातीत घातली होती, तेव्हा मराठी वाचकाला तिचे रूप डोळ्यांसमोर आणणे अवघड जाऊ नये. एरवी गुरे तिला तोंड लावत नाहीत. पण उन्हाळ्याअखेर गवत करपले की ती रानाच्या कडेला शिरतात, आणि तेव्हा हिरवे असे हेच उरलेले असते. त्यामुळे आजाराचा हंगाम उन्हाळ्याची अखेर आणि शरद, त्यातही कोरडी वर्षे. लिटल पिजन क्रीकचे मृत्यू याच दिवसांतले आहेत.

विष स्निग्धांशात विरघळते, म्हणून दुधात आणि लोण्यात उतरते. यातली खरी दगलबाजी अशी की दुभत्या गाईच्या शरीरातले विष दुधावाटे बाहेर पडत राहते, आणि ती स्वतः धडधाकट दिसू शकते. वासरू आणि माणूस मात्र आजारी पडतात. चांगल्या गाईचे चांगले दूध म्हणून आजाऱ्यालाही तेच पाजले जाई. दुधाला न चव वेगळी न वास, तेव्हा संशय यावा तरी कशाचा? डॉक्टरांचा तर्क भुईतून उठणारी दूषित हवा, पाण्यातली खनिजे, दवातले विष असा भटकत राहिला.

उत्तर मात्र फार दूर नव्हते. इलिनॉयच्या हार्डिन काउंटीत १८३० च्या दशकात ॲना बिक्स्बी ही सुईण आणि उपचार करणारी बाई या आजाराच्या मागावर होती. गुरांमागे हिंडून ती काय चरतात हे ती पाहत असे. स्थानिक परंपरेनुसार शॉनी या मूलनिवासी जमातीतल्या एका वृद्ध स्त्रीने तिला ही वनस्पती दाखवली. ॲनाने ती वासराला खाऊ घालून खात्री केली आणि आसपासच्या लोकांकडून ती उपटून काढवली. त्याच सुमारास ओहायोतल्या जॉन रो या शेतकऱ्यानेही याच झाडावर बोट ठेवले होते. वैद्यकाच्या जगाने दोघांचेही मनावर घेतले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोतले प्राध्यापक एडविन मोझली यांनी प्राण्यांवर प्रयोग केले, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी कृषी खात्यातील जेम्स कौच यांनी वनस्पतीतून ‘ट्रेमेटॉल’ हे विष वेगळे केले, तेव्हा कुठे गोष्ट सर्वमान्य झाली. नॅन्सीला जाऊन तोवर शतक उलटले होते. जमीन लागवडीखाली येऊन गुरे कुंपणात आली आणि अनेक गोठ्यांचे दूध एकत्र मिसळून विकले जाऊ लागले, तसा माणसांतला आजार जवळजवळ संपला.

क्षय किंवा एखादा आनुवंशिक विकार असे दुसरे तर्कही नॅन्सीच्या मृत्यूबाबत मांडले गेले आहेत. पण काही आठवड्यांत एकाच वस्तीत, घरोब्यातल्या घरांत पडलेले बळी पाहता दुधाचे कारणच सयुक्तिक वाटते.

मागे राहिलेले घर

घराचा भार अकरा वर्षांच्या सारावर आला. ती शेकोटीपाशी बसून रडायची, म्हणून अब्राहमने आणि आपण तिला रॅकूनचे पिल्लू आणि कासव आणून दिले, हरणाचे पाडस काही पकडता आले नाही, अशी आठवण डेनिसने म्हातारपणी सांगितली. वर्षभराने थॉमस केंटकीला गेला आणि २ डिसेंबर १८१९ रोजी सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवेशी लग्न करून परतला. सावत्र आईने घर सावरले, आणि अब्राहमशी तिचे चांगले जुळले.

मुलगी साराचे १८२६ मध्ये ॲरन ग्रिग्सबी याच्याशी लग्न झाले. २० जानेवारी १८२८ रोजी बाळंतपणात ती आणि मूल दोघेही गेले. ती वीस वर्षांची होती. एकाच वस्तीत आई आणि लेक अशा अकाली गेल्या, तरी चरित्रांत लेकीच्या वाट्याला एखादी ओळच येते. मार्च १८३० मध्ये कुटुंब इलिनॉयला निघाले. दुधाच्या आजाराची नव्याने उठलेली धास्ती हे त्यामागचे एक कारण होते, असे डेनिस म्हणतो.

स्मृती आणि पुरावे

नॅन्सीचे एकही चित्र नाही. ती उंच आणि सडपातळ होती यावर बहुतेकांचे एकमत आहे, केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावर नाही. एका दस्तावर तिने सहीऐवजी खूण केलेली आहे. तिला वाचता येत होते आणि ती मुलांना बायबलच्या गोष्टी सांगे, असे मात्र अनेकांनी सांगितले आहे. सही करता येत नाही म्हणजे वाचताही येत नाही असे त्या काळी नव्हते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. लिंकन यांनी स्वतः तिच्याबद्दल अगदी थोडके लिहिले. आपण जे काही आहोत ते देवदूतासारख्या आईमुळे, हे त्यांचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य इतरांनी नोंदवलेले आहे, आणि ते जन्मदात्रीविषयी की सावत्र आईविषयी यावरही वाद आहे.

कबरीवर दीर्घकाळ काही खूण नव्हती. १८७९ मध्ये साउथ बेंड येथील उद्योजक पीटर स्टुडबेकर यांच्या खर्चाने तेथे संगमरवरी शिळा बसली. १९६२ मध्ये हा परिसर राष्ट्रीय स्मारक झाला, आणि तिथे त्या काळच्या पद्धतीचे शेत आज चालवून दाखवले जाते.

सगळ्यात जुना वाद तिच्या जन्माचा. ती ल्यूसीची विवाहापूर्वीची मुलगी, आणि तिचा बाप व्हर्जिनियातला कोणी सुखवस्तू जमीनदार, असे लिंकन यांनी एकदा प्रवासात आपल्याला सांगितल्याचे हर्नडन यांनी लिहिले, तेव्हा भक्तमंडळी खवळली. तिला औरस ठरवण्यासाठी वेगळी आई शोधणाऱ्या वंशावळीही निघाल्या. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए अभ्यासाने यातला एक भाग निकाली काढला. आईकडून लेकीकडे उतरणारा मायटोकाँड्रियल डीएनए हँक्स घराण्यातल्या स्त्रियांच्या वंशजांमध्ये ताडून पाहिला गेला, आणि नॅन्सी ही ल्यूसीचीच मुलगी ठरली. बापाचे नाव या चाचणीतून कळण्याजोगे नव्हते.