भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी २००४ची नव्हे

सारनाथ बॅनर्जी यांची ‘कॉरिडॉर’ (२००४) ही भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी (म्हणजे चित्रांमधून सांगितलेली कादंबरी), असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. त्याआधी दहा वर्षं, १९९४मध्ये, ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ छापून आलं होतं.

विषय नर्मदेवरच्या धरणाचा. शहरातला तरुण पत्रकार विष्णू बातमीसाठी खोऱ्यात जातो. दुसरीकडे मलगू गायन नावाचा गायक सृष्टीच्या आणि नदीच्या जन्माची आदिवासी कथा गातो. काळ्या-पांढऱ्या रेषांमध्ये वृत्तांत आणि पुराणकथा अशा मिसळतात की दोन्ही तितक्याच खऱ्या वाटतात. हे पुस्तक विस्मरणात गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

गेलं कशामुळे? ते काढलं ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण संस्थेनं, प्रती मोजक्याच. ‘कॉरिडॉर’मागे पेंग्विनसारखी मोठी प्रकाशनसंस्था होती, त्यामुळे ‘पहिली’ हे बिरुद तिला सहज चिकटलं. बॅनर्जींचं काम यानं उणं ठरत नाही. पण सरदार सरोवराचं पाणी नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांतही शिरलं. निदान मराठी वाचकाला तरी हे पुस्तक ठाऊक हवं. २०२२मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’नं ते पुन्हा छापलं आहे.