पाय हलवणाऱ्यांना ओरडण्याआधी हे वाचा

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा, निम्मी पोरं पुस्तकात डोकं घालून पाय हलवत बसलेली असतात, एकाचा पाय सुरू झाला की शेजारच्याचं टेबल थरथरतं आणि मग खुन्नस. घरी असते तर आजी म्हणालीच असती, पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते. लक्ष्मीचं आपल्याला माहीत नाही, कॅलरी मात्र जातात.

1999 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन वगैरे मंडळींनी 16 जणांना 8 आठवडे रोज 1000 कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. आता सगळ्यांची चरबी साधारण सारखीच वाढायला पाहिजे ना? तर एकाची जेमतेम 360 ग्रॅम वाढली आणि एकाची चक्क सव्वाचार किलो! उठबस, येरझाऱ्या, चुळबूळ असल्या फुटकळ हालचाली काहींच्या शरीराने परस्पर वाढवल्या होत्या, ज्यांच्या वाढल्या त्यांना चरबी कमी चिकटली. (पण म्हणून नुसता पाय हलवून पोट उतरेल या भ्रमात राहू नका.)

2016 च्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना 3 तास खुर्चीत बसवलं, एक पाय मधूनमधून हलवायचा, दुसरा गप्प. गप्प पायाच्या गुडघ्यामागची रक्तवाहिनी आळसावली, हलत्या पायाची उलट सुधारली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चुळबूळ मोजायचा उद्योग जुनाच आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1885 मध्ये कंटाळवाण्या भाषणाला बसलेल्या लोकांची मोजली होती, घड्याळ काढलं तर लोक बघतील म्हणून स्वतःचे श्वास मोजत, मिनिटाला 15 असा हिशोब धरून. भाषण रंगलं की चुळबूळ निम्म्यावर यायची म्हणे. आपल्या वसंत व्याख्यानमालेत कुणीतरी करून बघायला हरकत नाही.

पण रात्री आडवं पडलं की पायात वळवळल्यासारखं होतं, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, उठून चाललं की बरं वाटतं आणि झोपलं की परत तेच, असं असेल तर ती सवय नाही, तो रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतो. यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते, गरोदर बायकांमध्ये तर हा त्रास बराच दिसतो. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून डॉक्टरांना फेरिटिनच्या टेस्टबद्दल विचारा, गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. आणि चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, तेव्हा अमृततुल्य जेवल्याजेवल्या नको, तासाभराने.