पार्श्वभूमी : 'फर्स्ट डिसेंट' म्हणजे किती नदी?

अनोळखी नदीवरून कयाकवाले (एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्यांतले) खाली आले की बातमीत 'फर्स्ट डिसेंट' हमखास येतं. नदीचा तो भाग होडीतून सर्वांत आधी कोण उतरलं, एवढाच याचा मूळ अर्थ. पण 'उतरलं' म्हणजे किती, इथे घोळ होतो.

१९७६ मध्ये एक ब्रिटिश तुकडी एव्हरेस्टच्या पायथ्याकडून दूधकोसीत उतरली तेव्हा होड्या फायबरग्लासच्या होत्या. फायबरग्लास खडकावर आपटलं की तडकतं. पुढे पॉलिथिलीनच्या होड्या आल्या. त्यांना पोचे पडतात, पण त्या सहसा फुटत नाहीत, आणि मग अरुंद, तीव्र उताराच्या ओढ्यांकडे मोर्चा वळला. ओढ्यांसाठीची होडी साधारण अडीच मीटरची आणि पोटाने फुगीर. पुढचं टोक वर वळलेलं, म्हणजे उडीनंतर ती लवकर वर येते. पायापाशी खुंट्यांऐवजी सलग पाटी असते. समोरून खडक बसला तर पाय खुंटीवरून घसरून पुढे अडकत नाहीत.

वादाचं घर म्हणजे तिबेटातली यारलुंग सांगपो. नामचा बरवा आणि ग्याला पेरी या शिखरांमधून ती वळते, आणि पुढे अरुणाचलात सियांग होते. १९९३ मध्ये पो सांगपोच्या संगमाजवळ एक जपानी कयाकर वाहून गेला. ऑक्टोबर १९९८ मध्ये एक अमेरिकन कयाकर तसाच वाहून गेला. त्या वर्षी पावसाळा सरूनही पाणी ओसरलं नव्हतं. २००२ च्या फेब्रुवारीत, पाणी सर्वांत कमी असताना, सात जण वरच्या दरीतले सुमारे ७० किलोमीटर उतरले. अनेक रॅपिड (खवळत्या पाण्याचे उतार) त्यांनी होडी खांद्यावर घेऊन टाळले, आणि मोठ्या धबधब्यांच्या आधी नदी सोडून खिंड चढून बाहेर पडले. 'वरची दरी' हे त्यांच्या कामाचं नेमकं वर्णन. मथळ्यांनी 'वरची' गाळलं आणि अख्खी सांगपो सर झाली! खांद्यावरचं अंतर नोंदीत वेगळं लिहिलं की भांडण निम्मं मिटतं. तेवढंच बहुधा कोणी करत नाही.

'अज्ञात' हा शब्दही तसाच. त्याच दरीतला तीसेक मीटरचा धबधबा १९९८ मध्ये 'शोधला' गेला. चिनी बाजूने तो १९८७ मध्येच हेलिकॉप्टरमधून टिपल्याचं सांगितलं. शोधकांना वाट दाखवणारे होते मोन्पा शिकारी.

२००५ नंतर उपग्रहचित्रं घरबसल्या मिळू लागली, आणि अरुणाचल-मेघालयातले ओढे मोकळे झाल्यासारखे वाटले. १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा २० मीटरनी येतात, त्यामुळे १८ मीटरचा धबधबा दोन रेषांच्या मध्ये दडू शकतो. चित्रातला पांढरा पट्टा म्हणजे फेसाळ पाणी की उन्हात चमकणारे कोरडे गोटे, हे चित्राची तारीख पाहिल्याशिवाय कळत नाही. अरुंद घळीत सावली. पाण्याखालची खडकांची भेग किंवा आडवं पडलेलं झाड तर दिसतच नाही. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. म्हणून पद्धत जुनीच : पुढची थांबायची जागा दिसल्याशिवाय आधीची सोडायची नाही, न दिसल्यास काठावर चढून बघायचं, आणि धोक्याच्या उडीखाली १५-२० मीटर दोरीची थ्रो बॅग (पाण्यातल्या माणसाकडे फेकायची पिशवी) घेऊन एकाने उभं राहायचं.

एका पावसाळ्यानंतर झाडं आणि गोटे जागा बदलतात. गेल्या वर्षीची नोंद हाताशी असली तरी दुसऱ्या तुकडीला पुन्हा काठ चढावाच लागतो, पण तिची बातमी होत नाही.