नाशिकच्या डोंगरात सोंडकिड्यांचं सर्वेक्षण: परवानगी कुणाची, कागद कोणते?

तांदळात होणारे सोंडे घरोघरी ठाऊक असतात. त्यांच्या गोतावळ्यात, म्हणजे सोंडकिड्यांत, जगभरात ६०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या सह्याद्रीतल्या सोंडकिड्यांकडे मात्र फार थोड्यांनी नीट पाहिलंय. म्हणून कुणी हे काम हाती घेतलं की मला मनापासून आनंद होतो. पण जाळी उचलण्याआधी अर्ज करा.

पहिला प्रश्न जागेचा. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. त्यासाठी नाशिक पश्चिम वनविभागाच्या उपवनसंरक्षकांकडे जायचं. साल्हेर नाशिक पूर्व वनविभागात येतो. कळसूबाईची गोष्ट वेगळी. अकोले तालुक्याच्या बाजूला अभयारण्य आहे आणि अभयारण्यात अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. गावाकडे सामूहिक वनहक्क (जंगलावरचा गावाचा कायदेशीर हक्क) असेल तर ग्रामसभेलाही आधी भेटा. सुरगाणा, पेठ भागात तर हे टाळूच नका. कोणत्या झाडावर कोणता किडा कधी येतो, हे तिथल्या माणसांना आपल्याआधी माहीत असतं.

अर्ज महाविद्यालय, विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेमार्फत करावा. हौशी अभ्यासकांनीही एखाद्या प्राणिशास्त्र विभागाशी जोडून घ्यावं. सोबत संस्थेचं पत्र, मार्गदर्शकाची शिफारस, चमूतल्या प्रत्येकाचं ओळखपत्र, जागांचा नकाशा आणि तारखा द्या.

खरी मेहनत प्रकल्प आराखड्यावर घ्या. नुसतं ‘सर्वेक्षण करणार’ लिहून भागत नाही. बहुतेक सोंडकिडे फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली, पुष्कळदा नराचे जननांग तपासूनच ओळख पटते. म्हणजे नमुने गोळा करावे लागणार, आणि ते अर्जात स्पष्ट लिहायला हवं. किती उंचीवर, किती ठिकाणी, एका जातीचे जास्तीत जास्त किती? पांढरी चादर धरून फांदी झटकणार की रात्री दिव्याकडे किडे ओढणारा प्रकाशसापळा लावणार? प्रकाशसापळ्यात सगळंच येतं, कायद्याने संरक्षित कीटक असले तर तेही. त्यांना लगेच सोडण्याची व्यवस्था लिहा. माझ्या मते पहिल्या वर्षी चादर आणि हातजाळी पुरे.

नमुने शेवटी कुठे ठेवणार, हेही सांगा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नवी जाती सापडली तर जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार तिचा नमुना अधिकृत भांडारात जमा करावा लागतो. परदेशी सहकारी असेल किंवा नमुने बाहेर पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्या. ओळखीच्या तज्ज्ञाला कुरिअरने डबी धाडणं हाही कायद्याचा भंग ठरू शकतो.

पहिल्या पावसानंतर पालवीवर हे किडे भरपूर दिसतात. म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या. परवानगीची प्रत कायम जवळ ठेवा आणि डोंगरात शिरण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा. काम संपल्यावर जातींची यादी त्यांच्याकडे आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे मराठीतून पोचती करा.